नाकपुडी गोल की लांबट?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी साडेनऊला माझा उजवा हात खांद्यापर्यंत एका अडलेल्या गाईच्या आत होता आणि वासराचा मागचा पाय काही केल्या बोटांना लागत नव्हता. तेवढ्यात दवाखान्याच्या फाटकातून सुमनताई आत आल्या. द्राक्षं भरायचे दोन प्लास्टिकचे क्रेट त्यांनी एकावर एक पालथे घालून सुतळीने बांधले होते आणि ते पोटाशी धरले होते. क्रेटच्या फटीतून एक गडद तपकिरी डोळा बाहेर बघत होता.

"मॅडम, बागेच्या जाळीत घार गुतली होती. लय मोठी हाय. जाळी कापून काढली, पण तोंड फाटलंय तिचं."

"ठेवा तिथं सावलीत. आधी हिला मोकळी करते."

पाऊण तासाने वासरू बाहेर आलं, जिवंत. हात धुऊन क्रेटपाशी गेले तर आमचे परिचर नामदेव अण्णा आधीच उकिडवे बसून आत बघत होते. दवाखान्यात माझ्यापेक्षा जुने तेच. इंजेक्शन सोडून सगळं त्यांना माझ्याहून चांगलं यायचं.

"घार नाय मॅडम," ते म्हणाले. "पाय बघा. मोजे घातल्यावानी बोटापर्यंत पिसं हायेत. घारीचे पाय उघडे राहतात."

ते बरोबर बोलत होते. पायांकडे न बघता घार म्हणायची चूक मी एकदा करून बसले होते.

मी गुरांची डॉक्टर. पशुवैद्यकीय महाविद्यालयात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा एवढं व्यवस्थित शिकवतात. रानातल्या पाखरांवर आमच्या वेळी दोन तास झाले असतील, तेही शुक्रवारी दुपारी. पण लोकांच्या लेखी जनावरांचा डॉक्टर म्हणजे सगळ्या जनावरांचा. त्यामुळे चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर मोर आले, घोरपड आली, एकदा पाण्याच्या पंपात अडकलेलं कासव आलं. कायद्याने ही सगळी वनखात्याची. आपण उपचार करायचे, कळवायचं आणि बरं झालं की 'सोडण्यास योग्य' असा दाखला लिहून सही करायची. काम एवढंच. पण त्या सहीने माझी जितकी झोप उडवली तितकी कुठल्या शस्त्रक्रियेने उडवली नाही.

माझी पहिली नेमणूक येवल्याच्या बाजूला होती. एका मेंढपाळाने पंख मोडलेला मोठा तपकिरी पक्षी आणून दिला. मी नोंदवहीत 'घार' लिहिलं, हाड बसवलं, चिकटपट्टीने पंख अंगाशी बांधला. दोन-अडीच महिन्यांत तो चांगला उडायला लागला. माझी छाती अभिमानाने फुगलेली. भर मे महिन्यात त्याला दवाखान्याच्या आवारात सोडला. तो समोरच्या लिंबावर जाऊन बसला आणि बसूनच राहिला. उन्हाच्या झळा, आजूबाजूला कावळ्यांचा गोंगाट. सहाव्या दिवशी झाडाखाली मरून पडलेला सापडला. मी मनाशी म्हटलं, आतून काहीतरी दुखापत राहिली असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी नाशिकला एका कार्यशाळेत मी त्याचा फोटो प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवला. त्यांना सगळे दांडेकर सर म्हणत. उंच, वाकलेले, गळ्यात कायम दुर्बीण. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्याजवळ धरला आणि दोन सेकंदांत सांगितलं, "हा गवताळी गरुड. जबड्याची पिवळी रेघ बघा, पार डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली आहे. हिवाळ्यात येतो, मार्चमध्ये परत जातो, मध्य आशियात. तुम्ही केव्हा सोडलात?"

"मे महिन्यात."

त्यांनी फोटो परत दिला आणि चहा सांगितला. मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून मी त्यांना धरून राहिले. तेव्हापासून कुठलाही शिकारी पक्षी आला की मी सरांना फोन करायचे आणि ते फोनवरच विचारायचे, "शेपटीला खाच आहे का? पायावर पिसं आहेत का? नाकपुडी कशी आहे?" उत्तर ऐकलं की नाव सांगून मोकळे. त्यांना 'बहुतेक' हा शब्द वापरताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तर सुमनताईंच्या क्रेटमधला पक्षी. अण्णांनी जाड टॉवेल टाकून त्याला उचललं, पाय घट्ट धरले आणि मी तपासायला घेतलं. अडीच किलोच्या आसपास वजन. अंग फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाचं, पंखांची टोकं आणि शेपूट मात्र काळपट. जाळीच्या नायलॉनने पंखाची पुढची कातडी चिरली होती, उडण्याची सहा मोठी पिसं मधूनच मोडली होती. सगळ्यात वाईट जखम चोचीच्या बुडाशी होती. तिथे जो मऊ पिवळा भाग असतो, ज्यात नाकपुड्या असतात, तो दोऱ्याने करवतीसारखा कापला गेला होता. रक्त, सूज, चिकटलेली माती. नाकपुड्या दिसतच नव्हत्या.

सरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच नाकपुडीचा.

"सर, नाकच फाटलंय."

"मग मी येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. अठ्ठ्याहत्तरीचे होते. पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून दोन तास बसले, आणि मग मला समजावून सांगितलं ते असं. असा फिकट मोठा गरुड आपल्याकडे दिसला तर तो जवळजवळ नेहमी पिंगट सुपर्ण असतो. तो इथलाच, बारमाही, येवल्याच्या कोरड्या माळावर घरटं करणारा. पण मोठा ठिपक्यांचा गरुड म्हणून एक आहे, तो रशिया-सैबेरियाकडून हिवाळ्यात आपल्या नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर येतो. तो असतो गडद, चॉकलेटी.

"आणि ठिपके?" मी विचारलं.

"ठिपके फक्त पिल्लाला. मोठेपणी जातात."

"मग नाव ठिपक्यांचा कशाला?"

"नाव ठेवणाऱ्याला पिल्लू आधी सापडलं असेल," सर हसून म्हणाले. "पण खरी गंमत पुढे आहे. या गडद गरुडांत क्वचित एखादा फिकट निपजतो. का, ते मला तरी कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही. तो फिकट निपजला की हुबेहूब सुपर्णासारखा दिसतो. मग एकच खूण हातात राहते. सुपर्णाची नाकपुडी लांबट, ठिपक्यांच्या गरुडाची गोल."

अण्णा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे एकाच घरातले असतील की हे दोघं. रंग सारखाच हाय तर."

सरांना हा प्रश्न फार आवडला. ते वळून बसले. "नाही अण्णा. मूळ पुरुष एकच, पण घराणी फार जुन्या काळी वेगळी झाली. इतकी जुनी गोष्ट की तेव्हा माणूस नव्हता. एका घराण्याने दलदल धरली, दुसऱ्याने कोरडं माळरान. अंगावरचा कोट कधीकधी सारखा निघतो, पण आतलं हाड वेगळं. उलट हा आपला सुपर्ण आणि तो गवताळी, हे इतके जवळचे की आमच्या तरुणपणी पुस्तकात दोघांना एकच मानत. आणि तिकडे उत्तरेत मोठा ठिपक्यांचा आणि त्याचा धाकटा भाऊबंद अजूनही जोड्या जमवतात, मिश्र पिल्लं होतात. शास्त्रज्ञ नावं बदलत राहतात, पक्षी बिचारे आपलं काम करत राहतात."

"मंग यांचं अजून चालूच हाय म्हणायचं वेगळं व्हायचं," अण्णा म्हणाले.

"चालूच आहे," सर म्हणाले.

मला हे ऐकायला मजा वाटत होती, पण माझा प्रश्न वेगळा होता. मोडलेली पिसं नखासारखी नुसती वाढत नाहीत. ती गळून त्या जागी नवी यायला उन्हाळा-पावसाळा जावा लागतो. हा पक्षी इथला सुपर्ण असेल तर त्याला निवांत सात-आठ महिने ठेवून, पूर्ण पिसांनिशी सोडणं हेच शहाणपणाचं. पण तो पाहुणा असेल, तर बाकीचे पाहुणे मार्चमध्ये निघणार. मग मोडक्या पिसांनी का होईना, त्यांच्याबरोबर सोडायला हवं. नाहीतर आपल्या उन्हाळ्यात कोंडून ठेवायचा, आणि कोंडलेला जंगली पक्षी कशाने मरेल सांगता येत नाही. लवकर सोडला तर वाटेत पडून मरेल, उशिरा सोडला तर दुसऱ्या कशाने. सगळं एका भोकाच्या आकारावर येऊन थांबलं होतं.

मधल्या काळात बातमी पसरली. एका वार्ताहराने 'दुर्मिळ गिधाड सापडले' असं छापलं. एक आजी हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या, देवाचं वाहन म्हणून. पिंजऱ्यापासून दहा फुटांवर त्यांना नमस्कार करू दिला. एकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एखादं नख मिळेल का मॅडम, पोराच्या गळ्यात बांधायला?" त्याला अण्णांनी फाटकापर्यंत पोचवलं आणि वाटेत काय सांगितलं कोण जाणे, तो परत दिसला नाही.

ठेवायला जागा हा दुसरा प्रश्न होता. दवाखान्यातला पिंजरा कुत्र्यांसाठीचा, त्यात पंखही पसरेना. सुमनताईंनी परस्पर तोडगा काढला. त्यांच्या शेतात ढोबळी मिरचीचं शेडनेट रिकामं होतं. वीस पावलं लांब, उंच, बाजूंना मऊ हिरवी जाळी.

"माझ्या जाळीनंच त्याला फाडलं," त्या म्हणाल्या. "आता माझ्याच जाळीत बरा होऊ द्या."

"मिरची कधी लावणार तुम्ही?"

"जूनमध्ये. तवर जाईल की हा."

वनपाल भामरे साहेबांनी परवानगी आणली आणि गरुड तिकडे गेला. अण्णा रोज सायकलवर जाऊन त्याला कोंबडीचे तुकडे, कधी गोदामातले उंदीर घालत. जखम भरत आली, मग एकदा चिघळली, परत भरत आली.

मार्चचा पहिला आठवडा उजाडला. नांदूरच्या पाण्यावरचे गरुड कमी व्हायला लागले. भामरे साहेब दाखल्याचा कागद घेऊन आले. "मॅडम, सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही लिहा. मी त्याप्रमाणे करतो."

आम्ही शेडनेटमध्ये जमलो. अण्णांनी पक्षी धरला. सूज बरीच उतरली होती, पण खपली होती. मी डावीकडून पाहिलं, नाकपुडी लांबट. उजवीकडून पाहिलं, गोल. परत डावीकडे गेले. मला वाटलं माझाच चष्मा बदलायला झालाय. भामरे साहेबांनीही पाहिलं आणि डोकं खाजवलं.

सर पुढे झाले. भिंगाने डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, आणि सरळ उभे राहिले. "पिंगट सुपर्ण. ठेवा."

"सर, उजवीकडून गोल दिसू राहिलं ना," अण्णा म्हणाले.

"उजवीकडे अजून सूज आहे. सुजेने ते गोल दिसतं."

"पण डावीकडंच फाटलं होतं जास्ती. फाटून लांब झालं असलं तर?"

सर थोडे कडक झाले. "अण्णा, मी चाळीस वर्षं हे शिकवलं आहे."

अण्णा गप्प झाले. मीही गप्प राहिले. खरं सांगायचं तर अण्णांचं म्हणणं मला पटत होतं. जखम मी शिवली होती, डावी बाजू जास्त फाटली होती हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण पटणं वेगळं आणि सही करणं वेगळं. येवल्याला मला काही माहीत नव्हतं म्हणून मी चुकले होते. आता समोर माहीत असलेला माणूस उभा होता. मी लिहिलं, 'स्थानिक पक्षी, पिसे येईपर्यंत ठेवावा', आणि सही केली. त्या संध्याकाळी घरी कढीत दोनदा मीठ घातलं.

मे महिन्याच्या मध्यावर अण्णांचा फोन आला. "मॅडम, खपली पडली. येऊन बघा."

शेवटची खपली पडून खाली नवा पिवळा मऊ भाग आला होता. डावी नाकपुडी गोल, उजवी नाकपुडी गोल. लहान मुलाने पेन्सिलीने ठिपका काढावा तशा. मी जाळीला धरून उभी राहिले. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. त्याचे जातभाई केव्हाच हिमालय ओलांडून गेले होते आणि मी त्याला मिरचीच्या शेडनेटमध्ये कोंडून ठेवला होता, स्वतःच्या सहीने.

सरांना फोन करायला मला दोन दिवस लागले. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "दोन्ही?"

"दोन्ही, सर."

दुसऱ्या दिवशी ते त्या उन्हात एसटीने आले. मी गाडीने आणते म्हटलं होतं, ऐकलं नाही. शेडनेटमध्ये जाऊन त्यांनी भिंग काढलं, पाहिलं, आणि मिरचीच्या रिकाम्या वाफ्याच्या कडेवर तसेच खाली बसले. पँटला माती लागली त्याचंही भान नव्हतं. सुमनताईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला, तो सरांच्या हातातच राहिला.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात. मी तुमचं ऐकून घेतलं नाही."

अण्णा एवढे अवघडले की त्यांना कुठे बघावं कळेना. "तसं काय नाय सर. मी आपला अंदाज मारला होता. मला काय त्यातलं कळतंय."

"कळत होतं. मी बघायच्या आधीच ठरवून बसलो होतो. फिकट म्हणजे सुपर्ण. आणि मग भिंगातून मला हवं तेच दिसलं."

मी मध्येच म्हटलं, "सर, सही माझी आहे. मला शंका होती आणि मी बोलले नाही." ते मान हलवत राहिले. कुणाची चूक मोठी यावर आम्ही दोघं शिकलेली माणसं भांडत होतो आणि गरुड बांबूवर बसून आमच्याकडे बघत होता.

मग प्रश्न आला की आता काय. जून तोंडावर आला होता. मी सुमनताईंकडे पाहिलं. त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही.

"राहू द्या. मिरची पुढच्या साली लावू. ह्याला असल्या उन्हात सोडून कुठं घालवता?"

त्यांनी छतावर पाण्याचे फवारे बसवले, आतमध्ये मातीची मोठी परात भरून ठेवली. गरुड दुपारी परातीत उतरून पोट भिजवत बसायचा. आणि दांडेकर सर दर रविवारी यायला लागले. पावसातही, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. मला आधी वाटलं पश्चात्तापाने येतात. तसं असेलही. पण ते अण्णांशेजारी पोत्यावर बसायचे आणि विचारायचे, "आज काय बघितलंत?" अण्णा सांगायचे, आज तिसरं पीस पडलं, आज उंदीर आधी डोक्याकडून खाल्ला, आज पावसात पंख पसरून बसला. सर लक्षपूर्वक ऐकायचे. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं, तो ऐकताना कसा दिसतो ते मी त्या पावसाळ्यात पाहिलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "सर, आपण मार्चमध्ये सोडला असता तर पोचला असता का?"

"सहा मोडक्या पिसांनी? कदाचित नसता. कदाचित असता." मग म्हणाले, "आणि यांची काही तरुण पाखरं उन्हाळ्यात परत जातच नाहीत, इथेच राहतात, असंही वाचलंय. म्हणजे तुमचा दाखला नाव चुकवून बरोबरही असू शकतो."

"म्हणजे आपण चुकलो की नाही?"

"चुकलो. पण किती आणि कुठे, ते सांगता येत नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते आजही कळलेलं नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी मी त्या कागदाचा विचार करते. शंका आली होती ती मी बोलायला हवी होती, एवढं मात्र नक्की. बाकी सगळा गोंधळ आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी, नांदूरवर पाहुणे परतल्यावर, आम्ही त्याला सोडायला नेलं. सगळी पिसं नवी, चकचकीत. दहाच्या सुमारास, ऊन तापून हवा वर चढायला लागल्यावर, कारण जड गरुड त्या हवेवरच वर जातात. भामरे साहेब, सुमनताई, अण्णा, सर आणि मी. या वेळी दाखला लिहिताना मी नावाच्या जागी 'मोठा ठिपक्यांचा गरुड, फिकट' लिहिलं आणि कागद आधी अण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि मान डोलावली.

टॉवेल काढला. तो क्षणभर जमिनीवर उभा राहिला, मग चार जड फडफडाटांत वर उठला. पाण्यावरची बदकं एकदम उधळली. एक गोल घेतला, दोन घेतले, आणि पलीकडच्या वाळक्या बाभळीवर जाऊन बसला. तिथे आधीच एक गरुड बसला होता. मध्यम तपकिरी, ना धड गडद ना फिकट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं फिरवून घेतली. सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला.

सरांनी दुर्बीण वर केली आणि खूप वेळ त्या दुसऱ्या पक्ष्याकडे बघत राहिले. बाजू बदलून पाहिलं. चार पावलं डावीकडे जाऊन पाहिलं.

"सर, तो शेजारचा कोण?" मी विचारलं.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली, गळ्यातून काढली आणि अण्णांच्या हातात दिली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "अण्णा, तुम्ही बघा बरं."